किंग हेन्रीज रोडवरचं ते घर बाबासाहेबांचं नव्हतं

14 एप्रिल जवळ आला की हा मेसेज हमखास फिरायला लागतो. लंडनमधल्या एका चार मजली घराचा फोटो आणि खाली मजकूर: 'हा बाबासाहेबांचा लंडनचा बंगला. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध त्यांनी इथेच पुरा केला. इंग्रज सरकारने तो आपल्याला भेट दिला, पण जातीयवादी शेजाऱ्यांनी स्मारक बंद पाडलं.' यातला फोटो तेवढा खरा.

आधी 'बंगला'. प्रिमरोझ हिल भागातल्या या 10 नंबरच्या घरात बाबासाहेब 1921-22 मध्ये भाडेकरू म्हणून राहिले. बंगला घ्यायला पैसे होते कुठे? बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून 1917 मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं होतं. मग सिडनहॅम कॉलेजात महिना 450 रुपयांवर प्राध्यापकी करून साठवलेली पुंजी, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं कर्ज, एवढ्या जोरावर ते 1920 मध्ये पुन्हा निघाले. इकडे रमाबाई परळच्या चाळीत संसार ओढत होत्या. लंडनच्या त्या दिवसांत सकाळी घरमालकीणबाई द्यायच्या तो पावाचा तुकडा आणि जाम. रात्री अभ्यास करताना भूक लागली की ओळखीच्या माणसाने दिलेले पापड पत्र्यावर भाजायचे, वर कपभर दूध. बंगलेवाल्याचं जेवण असं असतं होय?

प्रबंधाचं म्हणाल, तर त्यांचा दिवस जायचा ब्रिटिश म्युझियमच्या वाचनालयात. खोलीवर रात्री उशिरापर्यंत वाचन चालायचं, हे खरं. पण प्रबंध तिथे 'पुरा' झाला नाही. ऑक्टोबर 1922 मध्ये सादर केला, तर परीक्षकांनी काही भाग नव्याने लिहायला सांगितलं. तोवर पैसे संपले होते. 1923 च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला आले, दुरुस्त्या इथे बसून केल्या आणि प्रबंध परत धाडला. डी.एस्सी., म्हणजे लंडन विद्यापीठाची डॉक्टरेट, मिळाली ती त्यानंतर. म्हणजे लंडनच्या त्या पदवीचा शेवटचा हात मुंबईत फिरला, आणि मेसेजवाल्यांना त्याचा पत्ताच नाही!

'भेट' तर निव्वळ थाप. घर खासगी मालकीचं होतं आणि विक्रीला निघालं होतं. तिथल्या आंबेडकरी संघटनांनी पाठपुरावा केला, म्हणून महाराष्ट्र सरकारने 2015 मध्ये ते 30 लाख पौंडांहून जास्त मोजून विकत घेतलं. त्याच वर्षी 14 नोव्हेंबरला पंतप्रधान मोदींनी स्मारकाचं उद्घाटन केलं. पैसा तुमच्या-आमच्या करांचा. श्रेय इंग्रजांना का द्यायचं?

राहिले शेजारी. माणसांची वर्दळ आणि गोंगाट वाढेल, अशी तक्रार काहींनी केली होती. त्यांच्या मनात काय होतं ते मी सांगू शकत नाही, मेसेज लिहिणाऱ्यालाही सांगता येणार नाही. पण कॅम्डेन कौन्सिलने, म्हणजे तिथल्या स्थानिक पालिकेने, 2018 मध्ये संग्रहालयाला परवानगी नाकारली ती राहण्याची जागा कमी होते या कारणावरून. लंडनमध्ये घरांची टंचाई, त्यामुळे राहत्या घराचं संग्रहालय करायला नियोजन खात्याची परवानगी लागते. आपल्या सरकारने ती आधी घेतलीच नव्हती. उद्घाटन उरकल्यावर अर्ज केला. नकाराविरुद्ध अपील झालं, 2019 मध्ये सुनावणी झाली आणि मार्च 2020 मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी संग्रहालयाला मंजुरी दिली. 'बंद पाडलं' म्हणणाऱ्या मेसेजात ही मंजुरी अजून पोचलेली नाही.