‘चाळिशीनंतर पळू नका’: मामांच्या फॉरवर्डला उत्तर

डिसेंबर लागला की तो मेसेज आमच्या रविवारच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर येतोच. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत, त्यामुळे याचाही हंगाम ठरलेला. मजकूर थोडक्यात असा: हृदयाचे ठोके देवाने मोजून दिलेत, ते पळून उधळू नका. जिम फिक्ससारखा धावपटूही पळतानाच गेला. मॅरेथॉनमध्ये माणसे पटापट मरतात. पळायचेच असेल तर वर्षाला एक टीएमटी (सरकत्या पट्ट्यावर चालवत-पळवत काढलेला ईसीजी) करा, ती नॉर्मल आली की बिनधास्त. यंदा तो थेट मामांकडून आला, म्हणून लिहायला बसलो.

ठोक्यांचा हिशेब आधी. समजा, खरेच मोजून दिलेत. न पळणाऱ्याचे हृदय मिनिटाला ७५ ने चालले, तर दिवसाला १,०८,००० ठोके. नियमित पळणाऱ्याचे एरवीचे ठोके ५५ वर येणे नवलाचे नाही. तो तासभर १५० ने पळाला आणि उरलेले २३ तास ५५ वर राहिला, तर ८४,९००. उधळपट्टी कोण करतंय, मामा?

जिम फिक्स. अमेरिकेला जॉगिंगचे वेड लावणाऱ्यांपैकी एक. जुलै १९८४ मध्ये, ५२ व्या वर्षी, व्हर्मॉंटमध्ये पळताना गेला, हे खरे. मेसेज तिथेच थांबतो. त्याच्या वडिलांना पस्तिशीत हार्ट अटॅक आला होता आणि ४३ व्या वर्षी ते वारले. फिक्सही पळायला लागण्याआधी सिगारेटी ओढायचा, वजनही बरेच होते. शवविच्छेदनात धमन्या तुंबलेल्या निघाल्या. घराण्याचा इतिहास पळून मागे टाकता येत नाही. पण म्हणून पळण्याने तो मेला, असे होत नाही.

‘पटापट मरतात’ याला आकडे आहेत. अमेरिकेत २०१० ते २०२३ या काळात मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्यांची नोंद सुमारे २ कोटी ९३ लाख. त्यांत हृदय बंद पडण्याचे प्रसंग १७६, म्हणजे साधारण पावणेदोन लाखांत एक. त्याआधीच्या दशकात असे कोसळलेल्यांपैकी ७१ टक्के दगावले होते. या खेपेला ३४ टक्के. माणसे कोसळायची थांबली नाहीत, शेजारी पळणाऱ्याने लगेच छाती दाबायला घेतली आणि शॉक देणारे यंत्र वेळेत पोहोचले.

मेसेजमध्ये खरे काहीच नाही असे नाही. जोरदार श्रमाच्या वेळी आणि त्यानंतरच्या तासाभरात अटॅकचा धोका वाढतोच. पण कोणाचा किती? १९९३ च्या एका अमेरिकी अभ्यासात बैठ्या माणसाचा धोका त्या तासात शंभरपटीहून जास्त वाढलेला दिसला. आठवड्यातून पाच दिवस व्यायाम करणाऱ्याचा जेमतेम अडीचपट. भीती वाटायचीच, तर वर्षभर सोफ्यावर बसून एक जानेवारीला बूट घालणाऱ्याची वाटावी.

आता टीएमटी. या मेसेजमधला सगळ्यात घातक भाग हाच, कारण तो शहाणपणाचा वाटतो. धमनी बरीच, साधारण ७० टक्के, अरुंद झाली की पट्ट्यावर पळताना रक्त कमी पडते आणि ते ईसीजीत उमटते. पण कित्येक अटॅक धमनीत साचलेल्या चरबीच्या त्याहून लहान थरामुळे येतात. तो थर अचानक फुटतो, वर गुठळी बसते, वाट बंद. आदल्या दिवशीची टीएमटी नॉर्मल असू शकते. उलट ज्याला काहीच त्रास नाही, धोकाही कमी, त्याची टीएमटी कधीकधी उगाच बिघडलेली दाखवते आणि बिचारा अँजिओग्राफीच्या टेबलावर जातो. पस्तिशीच्या आत अचानक मृत्यूमागे बरेचदा जन्मजात दोष असतात, तिथे ईसीजी कामाला येतो. आपल्या वयात गाठ पडते ती मुख्यतः धमन्यांच्या आजाराशी. म्हणून डॉक्टर आधी बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि घरात कोण लवकर गेले हे विचारतात, आणि मग कोणती तपासणी ते ठरवतात. पळताना छातीत दाब आला, जबडा किंवा हात दुखला, नेहमीच्या वेगाला दम लागू लागला, तर मागच्या वर्षीचा नॉर्मल रिपोर्ट काढून बघत बसायचे नाही.

हे सगळे मी मामांना फोनवर सांगत होतो. शेवटच्या वाक्यावर ते गप्प झाले. म्हणाले, “अरे, जिना चढताना इथे भरून येतं. गॅस असेल म्हणून गोळी घेतो.” मामा आयुष्यात कधी पळालेले नाहीत. गुरुवारी डॉक्टरांकडे नेले, आणि त्यांना मात्र टीएमटीच सांगितली आहे.