द ला ध, की ध ला द?

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद महिन्यातून एकदा भरते. या वेळी विषय भाषा, आणि नवोपक्रम सांगायची पाळी माझी. (जिल्हा परिषदेच्या शाळेत पाळी चुकवायला एकच उपाय आहे, बदली. पण तिचीही पाळी यावी लागते.)

मी जय्यत तयारीने गेले होते. तिसरीच्या पोरांना घरी मालवणीत बोलतात ते शब्द चिठ्ठीवर लिहून आणायला सांगितलं होतं. खळा, पडवी, चुडत, काय काय आलं. एकीने तर अख्खं वाक्यच आणलं : 'आयेन खळा सारवल्यान.' लाल पेनचं टोपण काढून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. 'आईने अंगण सारवले' असं केलं तर शुद्ध झालं असतं, पण शेणाचा वास उडाला असता. तर अशा वेळी तुम्ही काय करता, एवढंच मला सगळ्यांना विचारायचं होतं.

उभी राहिले. 'नमस्कार' म्हणाले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या गुरुजींनी माझ्या डोक्यावरच्या बॅनरकडे बोट केलं. बॅनरवर ठळक अक्षरांत होतं : 'शुध्दलेखन चर्चासत्र'.

झालं. आधी द् की आधी ध्? एकाने फळ्यावर जोडाक्षर फोडून दाखवलं, दुसऱ्याने मोबाइलच्या कीबोर्डला शिव्या घातल्या. त्यातून निघाला पाकळीचा ल, मग अक्षरांची वळणं ठरवणारा 2022 च्या नोव्हेंबरातला शासन निर्णय, मग तो कोणाकोणाला मिळालाच नाही ही तक्रार. तिथून गाडी 2019 च्या दुसरीच्या गणितातल्या 'वीस एक'वर, म्हणजे एकवीस म्हणायचं की वीस एक. हा विषय निघाला की आमच्यात आजही दोन तट पडतात आणि दोन्हीकडचे एकाच वेळी बोलतात. शेवटी निवृत्तीला आलेले एक गुरुजी उठले. "गुरू एकटा असला की रू दीर्घ. गुरुदक्षिणा म्हटली की ऱ्हस्व. दक्षिणा दिसली की गुरू आखडतो, एवढं लक्षात ठेवा." दिवसभरात टाळ्या पडल्या त्या एवढ्याच.

मी अजून उभीच.

जेवायला वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ. पंगतीत मात्र सगळे व्याकरण विसरले. "रे, उसळ हय येवंदे!" अशी आरोळी खुद्द साहेबांच्या पानावरून आली.

जेवणानंतर साहेब म्हणाले, "बाईंचा उपक्रम स्तुत्य आहे. अहवाल दोन प्रतींत द्या, जिओ टॅग फोटोसह." कुठला उपक्रम, ते कोणी विचारलं नाही. फोटो काढला. बॅनर नीट येईल असा.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकते तोच ती खळेवाली उभी राहिली. "बाई, काल खंय गेल्लात?"

"परिषदेक," मी पर्स ठेवता ठेवता म्हणाले.

तिने मान हलवली. "परिषदेला, बाई."