कॅसेटच्या कागदावरची दोन आडनावं

दादाने १९९३च्या सुमारास 'द बॉडीगार्ड' या इंग्रजी सिनेमाच्या गाण्यांची कॅसेट आणली होती. घरात सगळ्यांना त्यातलं ते एकच गाणं हवं असायचं, व्हिटनी ह्यूस्टन जिथे आवाज गगनाला भिडवते ते. मला मात्र 'आय ॲम एव्हरी वुमन' आवडायचं. त्याच्या शेवटी व्हिटनी कुणाचं तरी नाव घेते. आम्हाला ते कित्येक वर्षं 'चक्का खा' असं ऐकू यायचं. नाव होतं चाका खानचं, मूळ १९७८ची गायिका. कॅसेटमधला घडीचा कागद उलगडला की गाण्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत दोन आडनावं होती, ॲशफर्ड आणि सिम्पसन. मला वाटायचं, ही वकिलांची कंपनी असावी. ते गाणं लिहिणारी जोडी होती ती.

निक ॲशफर्ड मिशिगनहून न्यूयॉर्कला आला तो नर्तक व्हायला. काम मिळेना, बागेतल्या बाकांवर झोपायची वेळ आली. १९६४मध्ये तो हार्लेमच्या व्हाइट रॉक बॅप्टिस्ट चर्चमध्ये गेला, आणि तोही भक्तिभावाने नाही, जेवण मिळतं म्हणून. तिथे व्हॅलरी सिम्पसन भेटली, जेमतेम सतरा-अठराची, पियानोवर हात बसलेली. पुढे साधारण शब्द त्याचे आणि चाल तिची, अशी वाटणी ठरली. चर्चमध्ये जुळलेल्या या जोडीचं पहिलं मोठं यश म्हणजे चक्क दारूचं गाणं! 'लेट्स गो गेट स्टोन्ड' हे जो आर्मस्टेडबरोबर तिघांनी लिहिलं आणि गायक रे चार्ल्सने १९६६मध्ये ते आर अँड बीच्या, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या लोकप्रिय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर नेलं.

मग 'एन्ट नो माउंटन हाय इनफ'. हे गाणं ब्रिटिश गायिका डस्टी स्प्रिंगफील्डला हवं होतं. खिशात दमडी नसताना या दोघांनी तिला नाही म्हटलं, कारण त्यांना ते घेऊन मोटाउन या रेकॉर्ड कंपनीच्या दारात उभं राहायचं होतं. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात धाडसी निर्णय हाच. १९६७मध्ये मार्व्हिन गे आणि टॅमी टेरेलने ते गायलं. त्याच वर्षी टॅमी रंगमंचावर कोसळली. मेंदूत गाठ निघाली आणि १९७०च्या मार्चमध्ये, वयाच्या २४व्या वर्षी ती गेली. मार्व्हिनने नंतर सांगितलं की शेवटच्या अल्बममध्ये टॅमीच्या जागी व्हॅलरीच गायली आहे. व्हॅलरीने ते ठामपणे नाकारलं: मी फक्त टॅमीला चाल समजावी म्हणून गाऊन ठेवलं होतं. मी व्हॅलरीवर विश्वास ठेवतो. दुसऱ्यासाठी गाऊन ठेवणं हेच तर तिने आयुष्यभर केलं.

मला खरं बोलायचंय ते 'एन्ट नो माउंटन'च्याच, गायिका डायना रॉसच्या आवृत्तीबद्दल. १९७०मध्ये या दोघांनी ते मोडून नव्याने बांधलं. सहा मिनिटांचं गाणं, त्यात अर्धंअधिक ती नुसती बोलते, आणि मुखडा पार शेवटाकडे! मोटाउनचे मालक बेरी गॉर्डी म्हणाले, तो स्फोट सुरुवातीला आणा. या दोघांनी ऐकलं नाही. गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आपल्याकडे भजनात टाळ आधी दबकत वाजतात, लय हळूहळू चढते आणि मग गजर होतो. गजर आधी करून टाकला तर पुढचा तासभर टाळकऱ्यांनी काय करायचं? चर्चमध्ये वाढलेल्या व्हॅलरीला हे शिकवावं लागलं नसणार.

म्हणूनच डिस्कोला 'नुसता धांगडधिंगा' म्हणणाऱ्यांशी माझं भांडण आहे. १९७३मध्ये मोटाउन सोडल्यावर, १९७४मध्ये लग्न केल्यावर हे दोघं स्वतः गायला लागले. १९७९चं 'फाउंड अ क्युअर' ऐका. खाली ढोल एकसारखा चालू, वर पियानो मात्र रविवारच्या प्रार्थनेतला. त्याच वर्षी डायना रॉससाठी 'द बॉस'. पाय नाचतात आणि अंगावर काटाही येतो, हे कसब सोपं नाही.

त्यांचं १९८४चं 'सॉलिड' सगळ्यांना माहीत असतं. आपल्या मराठी अर्थाने मला ते तितकं सॉलिड वाटत नाही, तो इलेक्ट्रॉनिक ढोल कानाला टोचतो. पण लांब केसांचा निक तिच्याकडे बघत गातो ते बघायला आवडतं. न्यूयॉर्कच्या ७२व्या रस्त्यावर त्यांनी 'शुगर बार' नावाचं रेस्टॉरंट काढलं, तिथे नवे गायक गायचे. निक २०११च्या ऑगस्टमध्ये घशाच्या कर्करोगाने गेला.

काल रात्री भांडी घासताना डायना रॉसची ती सहा मिनिटांची आवृत्ती लावली होती. तीनेक मिनिटं झाल्यावर लेक हॉलमधून ओरडली, "बाबा, हे गाणं सुरू कधी होणार?"

"थांब जरा," म्हटलं, आणि नळ बंद केला.