गुपितं जपा म्हणणारा फॉरवर्डच जवानांचा ठावठिकाणा मागतोय

साताऱ्यातल्या घरगुती ग्रुपांवर एक फॉरवर्ड फिरतोय. आमच्या मावशींनीही तो हात जोडून पुढे ढकलला. मजकूर थोडक्यात असा: युद्धकाळात सरकारी गुपित छापणारा पत्रकार देशद्रोही, ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्टखाली त्याला फाशी आहे, खरं काय ते सरकार युद्धानंतर सांगतंच. आणि शेवटची ओळ: 'आपल्या गावच्या जवानाचं नाव, युनिट आणि सध्याचं ठिकाण खाली जोडा, प्रार्थनेसाठी पुढे पाठवा.'

आधी ही शेवटची ओळच घेऊ. घरोघरी जवान असलेलं अपशिंगे मिलिटरी हे गाव ज्या जिल्ह्यात आहे, तिथे हे कुणाला खटकू नये? जवानाला पत्र टाकताना आपण नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि 'मार्फत ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' एवढंच लिहितो. छावणीचं नाव नाही, गावाचं नाही. टपाल फौजेच्या टपाल केंद्रात जातं आणि युनिट कुठे आहे ते तिथले लोक बघतात. युनिट आणि ठिकाण एका कागदावर येऊ नये, म्हणून हा सगळा खटाटोप. फॉरवर्ड नेमक्या त्याच दोन गोष्टी शेजारी-शेजारी मागतो.

एकट्या नावाने फारसं बिघडत नाही. पण एकाच पलटणीची दहा पोरं एका रात्रीत सुट्टीवरून परत बोलावली, अमुक गाडीने निघाली, एवढं दहा घरांनी लिहिलं की पलटणीची हालचाल कळते. निरोपाच्या फोटोचंही तेच. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप त्यातली जागेची नोंद काढून टाकतं; 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर ती तशीच जाते. आणि नोंद गेली तरी मागची स्टेशनची पाटी, ट्रकचा नंबर, दंडावरची खूण कुठे जाते?

आता फाशी. १९२३ च्या त्या कायद्यात फाशी नाहीच. हेरगिरीचं कलम ३. मामला संरक्षणाचा असेल तर १४ वर्षांपर्यंत कैद. अधिकार नसताना माहिती देण्या-घेण्याचं कलम ५, ३ वर्षांपर्यंत. घेणाराही त्यात सापडतो, म्हणजे पत्रकारावर टांगती तलवार असते, एवढं खरं.

पण छापलं म्हणून देशद्रोही? राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीचे सरकारी कागद वर्तमानपत्रात आले, तेव्हा ते चोरीचे आणि गोपनीय आहेत, न्यायालयाने बघूच नयेत, असं सरकारचं म्हणणं होतं. १० एप्रिल २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाच्या तिन्ही न्यायमूर्तींनी ते फेटाळलं. असे कागद छापायला मनाई करणारा संसदेचा कायदा आमच्यापुढे आलेला नाही, असं निकालात म्हटलं आणि व्हिएतनाम युद्धावरच्या फुटलेल्या गुप्त कागदांवरच्या, म्हणजे 'पेंटागॉन पेपर्स'वरच्या, १९७१ च्या अमेरिकी निकालाचा आधार घेतला. ज्या फेरविचार याचिकेत हे कागद दाखल झाले होते, ती राफेल खरेदीवरची मूळ याचिका पुढे नोव्हेंबरमध्ये फेटाळली गेली, हेही सांगायला हवं. पण कागद छापणं गुन्हा ठरला नाही.

फॉरवर्डवाल्यांच्या पदरात एक गोष्ट घालावी लागेल. २६/११ ला वाहिन्यांनी कारवाई थेट दाखवली आणि पलीकडे बसलेले सूत्रधार ती बघून सूचना देत होते. २०१२ च्या कसाब निकालात न्यायालयाने त्यावर कडक ताशेरे ओढले. आता केबल टीव्हीच्या नियम ६(१)(पी) प्रमाणे दहशतवादविरोधी कारवाई संपेपर्यंत थेट प्रक्षेपण नाही, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याची वेळोवेळची माहिती. योग्यच आहे. पण तो कॅमेऱ्याचा उतावळेपणा होता, कुणी फोडलेला कागद नव्हता.

'युद्धानंतर सांगतंच' यावर काय बोलायचं? १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स अहवाल १९६३ चा. सरकारने तो अजून खुला केलेला नाही.

ज्यांनी यादीत नाव भरलंय त्यांनी आपला मेसेज 'डिलीट फॉर एव्हरीवन' करावा. साधारण अडीच दिवस ती सोय असते. अडचण अशी की प्रत्येकजण आधीची अख्खी यादी कॉपी करून खाली आपली ओळ जोडतो. त्यामुळे तुमच्या पोराचं नाव तुमच्यानंतरच्या प्रत्येकाच्या मेसेजात आहे. त्या सगळ्यांना फोन करा, आणि यादी दुसऱ्या ग्रुपवर कुणी नेली तेही विचारा.