कोर्सिंग आणि हंटिंग एकच? नाही हो!

तुमची कमेंट वाचली. तुमचं म्हणणं असं की इंग्रजीतलं 'टू कोर्स' (कुत्रे सशामागे सोडणं) हे शिकारीचं क्रियापद वगैरे काही नाही, सरळ हंट म्हणा, आणि वर मी सशाच्या जिवावर उठलेल्या प्रकाराला खेळ म्हणून गोंडस करतोय.

क्रियापद आहे हो, चांगलं जुनं आहे, डिक्शनरीत अभ्यासक्रमवाला कोर्स ओलांडून जरा खाली जा, सापडेल. फॉक्सहाउंड, बीगल ही कुत्री वास काढत माग घेतात, ते हंटिंग. ग्रेहाउंडचं सगळं नजरेवर, ससा दिसला की सुसाट, ते कोर्सिंग. मध्ये आफ्टर-बिफ्टर लागत नाही, थेट 'टू कोर्स अ हेअर', आणि कर्ता कुत्रा असो नाहीतर त्याचा मालक, दोन्ही चालतं.

आता मॅच कशी चालायची बघा. दोन ग्रेहाउंड, एकाला लाल पट्टा एकाला पांढरा, दोघांना स्लिपर नावाचा माणूस धरून उभा, ससा पुढे निघाला की ऐंशी-शंभर यार्ड जाऊ द्यायचा (या सवलतीला चक्क 'लॉ' म्हणतात!) आणि मग सोडायचं. जज घोड्यावर. सशाला काटकोनात किंवा त्याहून जास्त वळायला लावलं तर 1 पॉइंट, त्याहून कमी वळवलं तर अर्धा. आणि मारला तर? जास्तीत जास्त 2, तेसुद्धा कर्तबगारी बघून, दुसऱ्याने दमवलेला ससा आयता तोंडात आला तर काहीच नाही. म्हणजे ससा मारणारा कुत्रा हरू शकतो. हंट म्हणून हे सगळं कसं सांगणार?

राहिलं गोंडस करणं. पॉइंट कोणाला मिळाले याच्याशी सशाला काय घेणंदेणं, तो मरायचाच की बऱ्याचदा. 1836 ला सुरू झालेला वॉटरलू कप (इंग्लंडमधली कोर्सिंगची मोठी स्पर्धा) 2005 च्या फेब्रुवारीत शेवटचा झाला, कारण 2004 चा हंटिंग अ‍ॅक्ट (कोर्सिंगवर बंदी आणणारा तिथला कायदा) त्याच महिन्यात लागू झाला, आणि माझ्या मते बरंच झालं. आयर्लंडमध्ये अजून चालतं, पण 1993 पासून कुत्र्यांच्या तोंडाला जाळी बांधतात.

आणि तुम्ही आपल्या कारवानी कुत्र्याचं विचारलंत, तर हो, तोही नजरेवरच धावणारा, त्याच्या सशामागे लागण्याला कोर्सिंगच म्हणतील. फक्त आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातला ससा मारणं गुन्हा आहे, तेव्हा कोणी व्हिडिओ काढून फॉरवर्ड करत असेल तर त्याला हे आधी सांगा.