वेडेलिया म्हणजे पिवळा माका नव्हे, आणि तिच्या फांद्या ओढ्याकाठी टाकायच्या नसतात

परवा रात्री मावशीचा फोन. काकांना कावीळ निघालीये, अंगणातल्या पिवळ्या माक्याचा रस उपाशीपोटी देऊ का म्हणून विचारत होती. कुठला पिवळा माका म्हटलं तर तिने फोटो पाठवला, बघतो तर वेडेलिया, शोभेसाठी लावतात ती पिवळ्या फुलांची वेल! सोबत तो फॉरवर्ड, जो मला आत्तापर्यंत चार ग्रुपवर आलाय: ही वेल एकदा लावा, पाणी नको खत नको, तण येत नाही, डास पळतात, हाच आयुर्वेदातला पिवळा माका म्हणून पानांचा रस काविळीवर घ्या, आणि छाटलेल्या फांद्या ओढ्याकाठी, पडीक जागेत टाका, आपोआप फुलांचा गालिचा तयार होईल. काकांना रस दिला नाही, डॉक्टरकडे नेलं. पण तिने विचारलंच नसतं तर?

आधी रसाचं बघू. माका म्हणजे एक्लिप्टा, त्याला बारीक पांढरी फुलं येतात. पिवळा माका ही वेगळी वनस्पती, स्फॅग्नेटिकोला कॅलेंड्युलेशिया. आणि शोभेसाठी सगळीकडे लावतात ती वेल आहे स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. घोळ कुठे झाला तर या दोघींनाही पूर्वी वेडेलिया म्हणायचे, एक वेडेलिया चायनेन्सिस आणि दुसरी वेडेलिया ट्रायलोबाटा. ही ट्रायलोबाटा मूळची मेक्सिको, कॅरिबियन बेटं आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागातली, मग आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत पिवळ्या माक्याबद्दल जे काही लिहिलंय ते हिच्याबद्दल असेल कसं? फुलं दोघींची पिवळीच, त्यामुळे फुलावरून ओळखायला जाऊ नका, पान बघा. ट्रायलोबाटाचं पान रुंद, चकचकीत आणि बहुतेक वेळा तीन भागांत कातरल्यासारखं असतं, नावातल्या ‘ट्राय’चा अर्थच तीन. पिवळ्या माक्याचं लांबट, अरुंद, न कातरलेलं. त्यातही दक्षिण चीनमध्ये या दोघींचा नैसर्गिक संकर सापडलाय, म्हणजे मोबाईलवरचा फोटो बघून छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवायची सोयच नाही. याच वेडेलिया गटातल्या एका ऑस्ट्रेलियन झाडाने, ॲस्पेरिमाने, मेंढ्यांना विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत. ते झाड वेगळं, मान्य, पण नुसतं वेडेलिया नाव बघून पाला वाटणाऱ्याला हे माहीत असायला हवं. आणि समजा अगदी खरा पिवळा माका मिळाला, तरी कावीळ विषाणूने झालीये, पित्ताच्या खड्याने की एखाद्या औषधाने, हे तपासल्याशिवाय आधीच त्रासात असलेल्या लिव्हरवर घरगुती रसाचा प्रयोग करायचा नसतो हो!

आता ओढ्याकाठी टाका म्हणणारा महाभाग. हे वाचून मला सगळ्यात जास्त संताप आला, कारण मावशीने तेही करून झालं होतं, छाटलेली अख्खी टोपली. आययूसीएन या जागतिक संस्थेच्या तज्ज्ञ गटाने जगातल्या सगळ्यात वाईट 100 आक्रमक परक्या प्रजातींची यादी केलीये, त्यात ही वेल आहे. त्याच यादीत जलपर्णी आहे, घाणेरी आहे, रानमोडी आहे. जलपर्णी नदीचं काय करते हे डोळ्यांनी बघितलेली माणसंच हा मेसेज पुढे पाठवतायत! हिला बी फारसं धरत नाही, पण त्याने काही बिघडत नाही, कारण जमिनीला टेकलेल्या प्रत्येक पेराला मुळं फुटतात आणि तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला की नवीन वेल सुरू. ओढा ते तुकडे खाली वाहून नेतो आणि काठावर लावत जातो. मग तिचा इतका दाट थर होतो की खालून गवत नाही, रोपटं नाही, काही वर येत नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ही वेल विकायला किंवा नुसती कुणाला द्यायलाही कायद्याने बंदी आहे. आणि इथे आपण टोपल्या भरभरून वाटतोय.

बाकीचे मुद्दे पटकन. तण येत नाही, हे अर्धं खरं आहे, वेल दाट झाली की बाकीचं तण दबतं, पण ती दाट होईपर्यंत हातानेच उपटावं लागतं आणि नंतर जे उरतं ते हीच. उताराची माती चांगली धरते, तेही कबूल. पाणी नको हे मात्र खोटं, ती मुळात ओलाव्याची, एकदा रुजली की थोडा ताण सोसते इतकंच. डासांचं तर उलटंच, दाट दमट पाल्यात दिवसा डास लपून बसतात.

ज्यांनी लावलीये त्यांनी घाबरून एका दिवसात सगळी ओरबाडू नका, तुकडे तुटून राहतात. पाऊस झाल्यावर माती मऊ असताना पेर न पेर मुळासकट ओढून काढा, काढलेलं सगळं प्लास्टिकवर पसरून कडक उन्हात पार कुरकुरीत होईपर्यंत वाळवा, ओलं असताना कंपोस्टमध्ये अजिबात टाकू नका, आणि त्या जागेवर पुढचे काही महिने दर पंधरा दिवसांनी नजर मारा, कोंब दिसला की काढा. मोकळ्या जागी जमिनीलगत पसरणारंच काही हवं असेल तर आपली जलपिंपळी लावून बघा, बारीक पांढरी-जांभळट फुलं येतात आणि मधमाश्या येतात. मावशीकडे रविवारी जातोय, आधी ओढ्याकाठचं गोळा करणार, मग अंगणातलं.