अरबी खरोखरच गोठलेली भाषा आहे काय? एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अरबी भाषेवरील माझ्या लेखावर आपण इतक्या तपशिलाने लिहिलेत, याबद्दल मनापासून आभार. इतर वाचकांच्या सोयीसाठी आपला आक्षेप आधी थोडक्यात मांडतो. लेखात मी अरबीला दीर्घकाळ अखंड चालत आलेली जिवंत भाषा म्हटले होते. आपले म्हणणे असे की, ही भाषा धर्मग्रंथाने आणि आठव्या शतकातील वैयाकरणांनी गोठवून टाकली. कैरोत किंवा बगदादमध्ये आज लोक बोलतात ते तिचे बिघडलेले रूप असून, त्या दोहोंचे नाते संस्कृत आणि मराठी यांच्यासारखे आहे. त्यामुळे 40 कोटी भाषकांचा आकडा दिशाभूल करणारा ठरतो. आणि ऱ्हस्व स्वर न लिहिणारी तिची लिपी मुळातच अपुरी आहे. अखेरीस आपण विचारले आहे की, आखाती देशांत नोकरीसाठी जाणाऱ्या मराठी माणसाने मग नेमके शिकायचे तरी काय.

यातला एक भाग निर्विवाद आहे. 'फुस्हा' म्हणून ओळखली जाणारी प्रमाण अरबी आज कोणत्याही मुलाची मातृभाषा नाही. मूल घरी आपल्या प्रदेशाची बोली शिकते आणि फुस्हा शाळेत. मतभेद आहे तो यापुढच्या पायरीवर. आधी एक शुद्ध लिखित भाषा होती आणि ती बिघडून बोली तयार झाल्या, हा क्रम आपण गृहीत धरला आहे, आणि उपलब्ध पुरावा त्या क्रमाच्या विरोधात जातो.

सीरिया आणि जॉर्डनच्या काळ्या खडकाळ वाळवंटात सफाईतिक म्हणून ओळखले जाणारे हजारो कोरीव लेख सापडले आहेत. ते इसवी सनाच्या आगेमागच्या काही शतकांतील असून, बहुतेक पशुपालक भटक्यांनी स्वतःच्या हाताने खडकांवर कोरलेले आहेत. कोणी आपली वंशावळ लिहितो, कोणी मेलेल्या सोबत्यासाठी शोक करतो, कोणी पाऊस मागतो. त्यांची लिपी आजच्या अरबी लिपीहून वेगळी आणि दक्षिण अरबस्तानातील लिपीच्या कुळातली आहे. त्यांच्या भाषेची अरबीशी जवळीक स्पष्ट दिसते; परंतु फुस्हात नामापूर्वी 'अल' हा जो निश्चयवाचक उपसर्ग लागतो, त्याच्या जागी या लेखांत बहुधा 'ह' येतो. पुढे इसवी सन 328 मधील नमारा येथील मृत्युलेख पाहा. तो 'सर्व अरबांचा राजा' म्हणवणाऱ्या इम्रुल्कैस नावाच्या राजाचा आहे, भाषा अरबी आहे आणि लिपी नबातियन, म्हणजे पेत्रा नगरीच्या नबाती लोकांची. तो शिलाखंड आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. अलेप्पोजवळच्या झबद येथे इसवी सन 512 मधील लेख सापडला, तो ग्रीक, सिरियाक (त्या भागातील ख्रिस्ती लोकांची अरामी भाषा) आणि अरबी अशा तीन भाषांतील असून, संत सर्जियस यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या ख्रिस्ती वास्तूच्या दारावरचा आहे. आज ज्या लिपीला आपण अरबी लिपी म्हणतो, तिच्या अगदी सुरुवातीच्या दिनांकित नमुन्यांपैकी एक ख्रिस्ती वास्तूवर आहे, ही गोष्ट 'धर्मग्रंथाने घडवलेली भाषा' या वर्णनात बसत नाही. कुराणाने अरबीला अपूर्व प्रतिष्ठा आणि प्रसार दिला, यात शंका नाही. पण त्याआधीही अरबी होती, आणि ती अनेक रूपांची होती.

याहून बोलका पुरावा खुद्द कुराणाच्या लेखनपद्धतीत आहे, आणि माझ्या मते आपल्या आक्षेपाचे सर्वांत थेट उत्तर तेथेच मिळते. अरबीत 'हम्झा' नावाचे एक व्यंजन आहे. त्याचा उच्चार करताना घशात क्षणभर श्वास अडतो. फुस्हाच्या नियमाने डोक्याला 'रअ्‌स' आणि विहिरीला 'बिअ्‌र' म्हणायचे, म्हणजे मध्ये ती अडखळ ऐकू आली पाहिजे. परंतु मक्का ज्या प्रदेशात आहे त्या हिजाझमध्ये सातव्या शतकात हम्झा बहुतेक ठिकाणी उच्चारला जात नव्हता, आणि कुराणाची मूळ लेखनपद्धती त्याच उच्चाराला धरून आहे. पूर्वेकडील तमीम वगैरे जमाती मात्र हम्झा उच्चारत असत. पुढे प्रमाण उच्चार ठरवताना हम्झा स्वीकारला गेला, आणि आधीच लिहून झालेल्या अक्षरांच्या वर-खाली त्याचे छोटे चिन्ह बसवण्यात आले. त्यामुळेच हम्झा कधी 'अलिफ'वर, कधी 'वाव'वर, तर कधी 'या'वर बसलेला दिसतो आणि प्रत्येक नवा विद्यार्थी त्या नियमांनी हैराण होतो. आज कैरोतला माणूस 'रास' आणि 'बीर' म्हणतो. त्याला आपण बिघाड म्हणाल, तर तो बिघाड पैगंबरांच्या काळी मक्केच्या बोलीतही होता, असे म्हणावे लागेल. अरब वैयाकरणांनी हे भेद लपवले नाहीत. हिजाझचे लोक असे म्हणतात आणि तमीमचे तसे, अशी नोंद त्यांनी जागोजागी करून ठेवली आहे.

त्या वैयाकरणांविषयी आपण जरा कठोर लिहिले आहे. बसरा येथे आठव्या शतकात जे काम झाले, ते भाषेला कुलूप लावण्याचे नव्हते. खलील इब्न अहमद यांनी शब्दकोश रचताना अक्षरांचा रूढ क्रम बाजूला ठेवून ध्वनींच्या उच्चारस्थानांचा क्रम घेतला, म्हणजे घशातून सुरुवात करून ओठांपर्यंत. आपल्या वर्णमालेची सवय असलेल्या वाचकाला यात ओळखीचे काहीतरी जाणवेल. भारतीय प्रभावाचा तर्क अनेकांनी केलाही आहे, परंतु त्याला थेट पुरावा मिळालेला नाही. खलील यांचे शिष्य सीबवैह हे शीराझजवळच्या भागातले, जन्माने इराणी. त्यांनी लिहिलेल्या व्याकरणाला शीर्षकही नव्हते, म्हणून जग त्याला नुसते 'अल्-किताब', म्हणजे 'ग्रंथ', म्हणून ओळखते. त्यात ध्वनींची 16 उच्चारस्थाने वर्णिलेली आहेत, आणि हे चालते, ते चालत नाही, अमुक बोलणे चांगले, तमुक दुर्मिळ, अशा बारीक छटा पानोपानी नोंदलेल्या आहेत. या मंडळींचे आधार होते कुराण, जुने काव्य आणि भटक्या अरबांचे प्रत्यक्ष बोलणे. त्यांनी बोलणाऱ्या माणसांचे ऐकून नियम शोधले. त्या नियमांचे पुढे दंडक झाले, हे खरे. पण तो पुढच्या शतकांतील शाळांचा आणि दरबारांचा इतिहास आहे. सन 700 च्या सुमारास खलिफा अब्दुल मलिक यांच्या कारकिर्दीत सरकारी दफ्तर ग्रीक आणि पहलवीतून, म्हणजे इस्लामपूर्व इराणच्या भाषेतून, अरबीत आणले गेले, तेव्हापासून चांगली अरबी येणे हा नोकरीचा प्रश्न झाला होता, हेही विसरता येत नाही.

बोलींना बिघाड मानण्याची प्रवृत्ती अरब विद्वानांत होती, पण तेथेही एकमत नव्हते. इतिहासकार इब्न खल्दून यांनी 1377 मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'मुकद्दिमा' या ग्रंथात स्पष्ट म्हटले आहे की, त्यांच्या काळातील अरबांची भाषा ही स्वतःचे नियम असलेली स्वतंत्र भाषा आहे. शब्दांच्या शेवटचे विभक्तिस्वर गेले म्हणून अर्थ सांगण्याची तिची ताकद कमी झाली नाही, कारण ते काम आता शब्दांचा क्रम आणि संदर्भ करतात, असा त्यांचा युक्तिवाद आहे. चौदाव्या शतकातील हा विचार मला विलक्षण वाटतो. याशिवाय लिखित आणि बोली यांच्यामध्ये नेहमीच एक रुंद मधला पट्टा राहिला. कैरोच्या एका प्राचीन सिनेगॉगमध्ये जपून राहिलेल्या कागदपत्रांत, ज्यांना गेनिझा म्हणतात, ज्यू व्यापाऱ्यांची बाराव्या शतकातील असंख्य पत्रे आहेत. हिब्रू अक्षरांत लिहिलेल्या त्या अरबीत ना पूर्ण व्याकरण पाळलेले आहे, ना पूर्ण बोली उतरली आहे. मंगळूरला बरीच वर्षे राहून व्यापार करणारे अब्राहम बेन यिजू यांची पत्रेही त्यांत आहेत. गोठलेल्या भाषेत कोणी मालाच्या किमती आणि घरच्या काळज्या लिहीत बसत नाही.

आता संस्कृत-मराठीच्या उपमेकडे येतो. मराठी माणूस वीजबिलाची तक्रार संस्कृतात लिहीत नाही. अरब माणूस ती फुस्हात लिहितो. वर्तमानपत्र, करारनामा, पाठ्यपुस्तक, औषधाच्या खोक्यावरची सूचना, हे सारे फुस्हात असते, आणि शिकलेला माणूस भाषणात वा दूरचित्रवाणीवरील चर्चेत एकाच वाक्यात बोलीतून फुस्हात आणि पुन्हा बोलीत ये-जा करतो. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञांनी 1959 मध्ये अशा द्विस्तरीय स्थितीचे वर्णन केले, तेव्हा अरबीबरोबर ग्रीक, स्वित्झर्लंडमधील जर्मन आणि हैतीतील क्रिओल ही उदाहरणे घेतली होती. आपल्याकडील उपमेपेक्षा ही तुलना वस्तुस्थितीला अधिक जवळची आहे.

शिवाय फुस्हाही बदलत राहिली. नवव्या शतकात हुनैन इब्न इसहाक या ख्रिस्ती वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी प्राचीन ग्रीक वैद्य गॅलेनचे ग्रंथ अरबीत आणले, तेव्हा वैद्यकाची परिभाषा नव्याने घडवावी लागली. एकोणिसाव्या शतकात कैरोचा बुलाक छापखाना आणि बैरूतचे बुत्रुस अल्-बुस्तानी यांच्यासारखे कोशकार यांच्या काळात तीच गरज पुन्हा निर्माण झाली. दमास्कसची अरबी भाषा अकादमी 1919 मध्ये आणि कैरोची 1932 मध्ये स्थापन झाली. परंतु अकादम्यांच्या ठरावांपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते भाषेच्या यंत्रणेचे चालू राहणे. बाहेरून आलेल्या 'फिल्म'चे अनेकवचन 'अफ्लाम' होते, 'बँक'चे 'बुनूक' आणि 'डॉक्टर'चे 'दकातिरा'. प्रत्यय न लावता शब्दाच्या आतले स्वर बदलून अनेकवचन करण्याची ही दोन हजार वर्षांपूर्वीची रीत काल आलेल्या शब्दावरही चालते, आणि ती लिहिताना चालते तशीच बोलतानाही.

लिपीचा आक्षेपही याच यंत्रणेपाशी येऊन ठेपतो. अरबीत शब्दाचा अर्थ बहुधा तीन व्यंजनांच्या धातूत असतो आणि स्वरांचा साचा त्याला रूप देतो. मराठी वाचकाला हे परके नाही, कारण फारसीमार्गे आलेले अरबी शब्द आपण रोज वापरतो. महसूल, तहसील आणि 'त्यात काय हशील?' मधले हशील ही तिन्ही एकाच धातूची रूपे आहेत. नजर, नाझर आणि मंजूर यांचा धातू एक, तर जप्त आणि मजबूत यांचा दुसरा. महसूल, मंजूर, मजबूत, मजकूर, मशहूर या सगळ्यांत सुरुवातीचा 'म' आणि शेवटच्या अक्षराआधीचा दीर्घ 'ऊ' दिसतो, तो कर्मणी धातुसाधिताचा साचा आहे. ज्या वाचकाच्या कानात हे साचे बसलेले असतात, त्याला ऱ्हस्व स्वर न लिहिल्याने फारसे अडत नाही. दीर्घ स्वर तर लिहिलेलेच असतात. संदिग्धता उरते, हे मान्य. क-त-ब ही तीन अक्षरे 'त्याने लिहिले', 'लिहिले गेले' किंवा 'पुस्तके' अशी वाचता येतात आणि निर्णय वाक्यावर सोपवावा लागतो. म्हणून मुलांच्या पुस्तकांत आणि कुराणात स्वरचिन्हे दिलेली असतात. या लिपीची खरी अडचण वेगळी होती. नबातियन लिपीतून येताना अनेक अक्षरांचे आकार एकसारखे झाले, आणि 28 व्यंजनांसाठी पुरेसे आकारच उरले नाहीत. त्यावर उपाय म्हणून ठिपके आले. इजिप्तमध्ये सापडलेली आणि आता व्हिएन्नात असलेली इसवी सन 643 मधील एक पावती ग्रीक आणि अरबीत आहे. अरब सैन्यासाठी घेतलेल्या 65 मेंढ्यांची ती नोंद आहे, आणि तिच्यातील काही अक्षरांवर ठिपके स्पष्ट दिसतात.

भाषकसंख्येबद्दल आपला मुद्दा गंभीर आहे. मोरोक्कोतला खेडूत आणि इराकमधला खेडूत आपापल्या बोलीत बोलले, तर एकमेकांना नीट समजणार नाहीत. तरीही त्यांना एका भाषेचे मानण्याला आधार आहे, आणि तो माल्टाकडे पाहिल्यावर कळतो. माल्टी भाषा मध्ययुगीन सिसिलीच्या अरबीपासून निघाली. परंतु त्या बेटाचा फुस्हाशी आणि अरबी लिपीशी संबंध तुटला, ती रोमन लिपीत लिहिली जाऊ लागली, इटालियन शब्दांनी भरली, आणि 2004 पासून युरोपीय संघाची अधिकृत भाषा आहे. मोरोक्कोची बोली, म्हणजे दारिजाही, फुस्हापासून फार दूर गेली आहे. पण तिचे भाषक फुस्हा वाचतात, तिच्यातून शब्द घेतात आणि स्वतःला अरबी भाषक म्हणवतात. 40 कोटींचा आकडा अशा लोकांचा आहे, आणि त्या अर्थाने तो मला योग्य वाटतो.

राहिला आपला शेवटचा प्रश्न. आखातात नोकरीला जाणाऱ्याने लिपी आणि फुस्हाचा पाया आधी पक्का करावा, कारण पाटी, अर्ज आणि करार त्याच भाषेत असतात. आणि पहिल्या महिन्यापासूनच त्या देशाची बोली ऐकायला लागावे. पुस्तकात 'कहवा' शिकलेल्याला तिथे 'गहवा' ऐकू येईल, 'किती' या अर्थाचा 'कम' काही जणांच्या तोंडी 'चम' होईल, आणि शब्दांच्या शेवटचे विभक्तिस्वर कोणीच उच्चारणार नाही. ही रूपे वहीत फुस्हाच्या शब्दासमोर लिहून ठेवावीत. 'कहवा'तला आणि 'कम'मधला 'क' हे अरबीत दोन वेगळे ध्वनी आहेत; पहिल्याचा 'ग' होणे नियमाने चालते, दुसऱ्याचा 'च' होणे विशिष्ट स्वरांच्या शेजारी घडते, आणि हे बदल एकदा ध्यानात आले की नवा शब्द ऐकताच त्याचे लिखित रूप बहुतेक वेळा ओळखता येते. इजिप्त वा लेबनॉनच्या मालिका पाहून शिकण्याचा सल्ला अनेकजण देतात. तो वाईट नाही, पण मस्कत वा दोह्यात काम करायचे असेल, तर आधी तिथल्याच लोकांचे ऐकावे.